दाखला देण्यापूर्वी

स्मरणिकेची पाने उलटताना वाचकाच्या दृष्टीस जे पडते ते सारे अभिमानाचे असते. अमुक साली उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आज वैद्यकीय अधिकारी आहे, अमुक विद्यार्थिनी न्यायालयात वकिली करते, कोणी परदेशी संशोधनासाठी गेला, कोणी गावचा सरपंच झाला. ही नावे छापताना आम्हांला आनंद होतो आणि तो लपवण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक शाळेत स्मरणिकेहून जुने आणि स्मरणिकेहून प्रामाणिक असे एक पुस्तक असते. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येक मुलाचे नाव त्यात असते. यशस्वी झालेल्याचे, अपयशी ठरलेल्याचे आणि मध्येच दिसेनासे झालेल्याचेही. त्याच्या अखेरच्या रकान्यांवर ‘वर्तणूक’, ‘शाळा सोडण्याचे कारण’ आणि ‘शेरा’ असे शब्द छापलेले असतात.

या लेखाच्या निमित्ताने आम्ही ते रकाने पुन्हा वाचले आणि काही नोंदींपाशी थबकलो. ‘वर्तणूक : चांगली. कारण : पालकांच्या विनंतीवरून.’ ती मुले कोणती हे आम्हांला ठाऊक आहे. त्यांची वर्तणूक चांगली नव्हती आणि त्यांच्या पालकांनी कसलीही विनंती केलेली नव्हती. विनंती आम्ही केली होती. पालकांनी मान खाली घालून सही केली. काहींनी अंगठा उठवला. दाखल्यावर वाईट शेरा पडला तर दुसरी शाळा मुलाला घेणार नाही, या दयेपोटी आम्ही खोटे लिहिले. ती दया खरी होती. मात्र मुलाला घालवून देण्याचा निर्णयही आमचाच होता.

गेली काही वर्षे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आणि पालकसभेत एक मागणी वारंवार होत आहे. मारामारी करणारी, चोरी करणारी, गुटखा खाणारी, रात्री भिंत ओलांडून जाणारी मुले वेळीच काढून टाकावीत आणि संस्थेचे नाव राखावे, अशी ती मागणी आहे. ती मांडणाऱ्यांचे संस्थेवरील प्रेम आम्ही जाणतो. तरीही या प्रश्नावर आमचे मत वेगळे आहे, आणि ते अनुभवातून, काही अंशी पश्चात्तापातून, तयार झालेले आहे. मूल एका दिवसात समाजविरोधी होत नाही. समाजाशी त्याला बांधून ठेवणारे धागे एकामागून एक तुटत जातात. त्यांतला शेवटचा धागा पुष्कळदा आपण शाळेच्या कार्यालयात, शिक्का मारून, स्वतःच्या हाताने तोडतो.

वाट कशी चुकते

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खोडकर मूल आणि समाजविरोधी वर्तनाकडे झुकलेले मूल एक नव्हे. वर्गात उलट बोलणे, डोक्यावरच्या केसांची नको ती तऱ्हा करणे, आंब्याच्या दिवसांत शेजारच्या बागेत शिरणे हे वयाचे वागणे आहे. दुसऱ्याचे शरीर, वस्तू आणि विश्वास यांना जाणूनबुजून, पुन्हापुन्हा इजा करणे आणि तसे करताना मनाला काहीच न टोचणे, ही मात्र काळजीची खूण आहे.

टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९९३ साली या विषयावर एक महत्त्वाचा विचार मांडला. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास चालू आहे. त्या अभ्यासाचा तिच्या विचाराला आधार होता. तिच्या मते बिघाडाच्या वाटा दोन असतात. थोड्या मुलांची वाट अगदी लहानपणी सुरू होते. मुळात हट्टी वा चंचल स्वभावाचे मूल आणि त्याला सांभाळण्याचे बळ नसलेले, ओढगस्तीचे घर यांची गाठ पडते, आणि ते वागणे पुढे आयुष्यभर पाठ सोडत नाही. बहुसंख्य मुलांची वाट किशोरवयात फुटते आणि कामधंदा, संसार, जबाबदारी आली की आपोआप संपते. परंतु ती संपण्यापूर्वी मूल एखाद्या सापळ्यात अडकले तर मग संपत नाही. असे सापळे म्हणजे व्यसन, तुरुंग आणि अर्धवट सुटलेले शिक्षण. म्हणजे जे वागणे दोन-चार वर्षांत निवळले असते त्याला कायमचे करण्याचे साधन शाळेच्याच हाती असते.

हे वागणे घरात कसे रुजते हे अमेरिकेतील ऑरेगन येथे जेराल्ड पॅटरसन या संशोधकाने कुटुंबांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून दाखवले. त्याचे सार आपल्या घरातल्या प्रसंगातून सहज कळेल. मूल मोबाइल मागते. दिवसभर कामाने थकलेली आई नाही म्हणते. मूल आरडाओरड करते, भांडे आपटते. आई वैतागून मोबाइल देते आणि घरात शांतता पसरते. मूल शिकते की ओरडले की मिळते. आई शिकते की दिले की सुटका होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग वडिलांसमोर घडतो आणि मुलाच्या पाठीवर पट्टा बसतो. मूल आणखी एक धडा शिकते : ज्याच्या अंगात जोर जास्त त्याचे खरे. हे दोन धडे घेऊन ते शाळेत येते. तिथे मुले त्याला खेळात घेत नाहीत. शिक्षक त्याला शेवटच्या बाकावर बसवतात. वाचन मागे पडते. मग त्याच्याशी बोलायला उरतात ती त्याच्यासारखीच दूर लोटली गेलेली मुले. त्या टोळक्यात प्रथमच त्याला मान मिळतो, आणि तो मान धाडसाच्या मापाने मोजला जातो. बाहेरचा काळही त्यांना साथ देतो. तलवारीने केक कापून साजरा केलेला ‘भाई’चा वाढदिवस मुले मोबाइलवर पाहतात. पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द वर्तमानपत्रांतून रूढ झाला आणि पकडलेल्यांत अल्पवयीन मुले असल्याच्या बातम्या आल्या. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी कोयता हे पोट भरण्याचे हत्यार आहे. त्याच हत्याराला रस्त्यावर दुसरा अर्थ आलेला पाहून मन विषण्ण होते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. गरिबी म्हणजे गुन्हेगारी नव्हे. आमच्या शाळेत ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकाम मजुरांची शेकडो मुले शिकली आणि त्यांतील बहुतेकांनी कोणाच्या काडीलाही हात लावला नाही. गरिबी एकच गोष्ट करते : मुलाजवळ बसायला लागणारा मोठ्या माणसांचा वेळ ती हिरावून घेते. तो वेळ दुसऱ्या कोणी दिला तर मूल तरते. वसतिगृहाचा जन्म त्यासाठीच आहे. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रारंभीच जी कामे हाती घेतली त्यांत विद्यार्थी वसतिगृह होते. १९२५ च्या जानेवारीत ते सोलापुरात सुरू झाले. जेथे घर पुरे पडत नाही तेथे वसतिगृहाने घर व्हावे, हा वारसा आपण सांगतो. घर आपल्या मुलाला दाखला देत नाही.

तक्षशिलेचा अहिंसक

अंगुलिमालाची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिचा शेवट आपण दरवर्षी मुलांना सांगतो. सुरुवात मात्र क्वचितच सांगतो. अट्ठकथेत ती सुरुवात आली आहे. मुलाचे नाव अहिंसक. कोसल देशातील चांगल्या घरातला, बुद्धिमान, आज्ञाधारक. शिक्षणासाठी तो तक्षशिलेस गुरुगृही राहिला. इतर शिष्यांना त्याचा हेवा वाटला. त्यांनी गुरूच्या कानाशी एकामागून एक खोट्या गोष्टी नेल्या. गुरूने प्रथम त्या झिडकारल्या, पुढे त्याला संशय आला, आणि अखेरीस त्याने खातरजमा न करता त्या खऱ्या मानल्या. मुलाला समोर बसवून एक प्रश्नही विचारला नाही. गुरुदक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली आणि त्याला दाराबाहेर घालवले.

अंगुलिमाल जंगलात जन्मला नाही. तो एका निवासी विद्यालयात घडला. सहाध्यायांची कुजबूज, गुरूचा संशय आणि बंद झालेले दार, एवढ्या सामग्रीवर अहिंसक नावाच्या मुलाचा अंगुलिमाल झाला. वसतिगृह चालवणाऱ्या प्रत्येकाने ही सुरुवात भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

कथेचा उत्तरार्धही पुरता सांगितला जात नाही. तथागत एकटे त्याच्या वाटेने गेले, त्याला ते थांबले आणि त्याने शस्त्र टाकले, येथे आपण थांबतो. पण सुत्तात पुढे बरेच काही आहे. राजा प्रसेनजित त्याच्या बंदोबस्तासाठी घोडदळ घेऊन निघाला असता वाटेत तथागतांना भेटला. अंगुलिमाल भिक्खू झालेला पाहून प्रथम भ्याला आणि मग नमला. लोकांचा राग मात्र शमला नाही. भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर दगड पडले. फुटलेले डोके आणि फुटलेले पात्र घेऊन तो परतला. तथागतांनी त्याला सोसायला सांगितले, केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागते हेही सांगितले. पण संघातून घालवले नाही. क्षमा म्हणजे परिणामांतून सुटका नव्हे, आणि परिणाम भोगणे म्हणजे बहिष्कार नव्हे, हे दोन्ही या एका प्रसंगात आहे. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र जागा दिली, ती काही उगाच नव्हे.

शिक्का मारून माणसे दूर लोटण्याचे दुःख आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? १८७१ साली इंग्रज सरकारने केलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींची मुले जन्मतःच गुन्हेगार ठरवली. हजेरी, तारेचे कुंपण, सोलापूरसारख्या ठिकाणची सेटलमेंट हे सारे आपल्या वाडवडिलांच्या आठवणीतले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. संशयाची नजर मात्र अद्याप गेलेली नाही. त्या नजरेने पोळलेल्यांनी आपल्या शाळेत तीच नजर मुलांवर रोखू नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.

आमची चूक

आता स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलाला आम्ही दाखला दिला. तो पाचवीपासून वसतिगृहात होता. आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. सुट्टीत त्याला सांभाळणारी आजी तो सातवीत असताना वारली. त्यानंतर त्याच्या सुट्ट्या कधी चुलत्याकडे, कधी फडावरच्या कोपीत जाऊ लागल्या. आम्ही त्याची कोठे नोंद केली नाही. आठवीत खोल्यांतून पेन, साबण, मग दहा-वीस रुपये नाहीसे होऊ लागले. काही चोऱ्या त्याच्या होत्या. परंतु पुढे प्रत्येक चोरीत प्रथम झडती त्याच्याच पेटीची होऊ लागली. एकदा हरवलेले पैसे तक्रार करणाऱ्याच्याच धुवायच्या पँटच्या खिशात सापडले. सगळे हसले आणि विषय संपला. ज्याची पेटी सर्वांसमोर उपसली होती त्याची क्षमा कोणी मागितली नाही. आम्हीही नाही.

मग आम्हांला एक शहाणपणाची वाटलेली युक्ती सुचली. त्रास देणारी मुले सगळीकडे विखुरलेली नकोत, म्हणून ती एकत्र करून सात नंबरच्या खोलीत ठेवली. लक्ष ठेवणे सोपे जाईल असा हिशेब होता. झाले उलटेच. एकाला येत होते ते सहा जणांना येऊ लागले. तीन महिन्यांनी त्या खोलीतील तिघांनी रात्री बाहेर पडून शेजारच्या वस्तीतील ट्रॅक्टरची बॅटरी काढली. 

ही चूक एकट्या आमची नाही, हे नंतर वाचनात आले. अमेरिकेत बोस्टनजवळ १९३९ साली सुमारे पाचशे मुलांवर एक प्रयोग सुरू झाला होता. निम्म्या मुलांना समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरे अशी सर्व मदत दिली गेली. तीस-पस्तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या अभ्यासक बाईने त्यांचा माग काढला, तेव्हा मदत मिळालेल्यांचीच स्थिती काही बाबतींत अधिक वाईट आढळली. पुढील विश्लेषणात दिसले की हानी विशेषतः त्या मुलांची झाली ज्यांना शिबिरांना एकापेक्षा अधिक वेळा पाठवले होते. बिघडू लागलेली मुले एकत्र कोंडली की ती एकमेकांची गुरू होतात. चांगला हेतू पुरेसा नसतो, हे या प्रयोगाने जगाला शिकवले आणि सात नंबरच्या खोलीने आम्हांला.

बॅटरीच्या प्रकरणानंतर वडिलांना निरोप गेला. ते फडावरून रात्रीच्या एसटीने आले. कार्यालयात बसायला खुर्ची दिली तरी उभेच राहिले. “सर, दहावीपर्यंत ठिवा, पुढचं मी बघतो,” एवढेच म्हणाले. आम्ही ठेवले नाही. पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन बापलेक फाटकाबाहेर गेले. मुलगा सरळ फडावर गेला. त्याची शाळा तेथेच संपली. चार वर्षांनी समजले की मारहाणीच्या एका गंभीर गुन्ह्यात तो कोठडीत आहे. ठेवून घेतले असते तर तो तेथे गेलाच नसता, असा दावा आम्ही करणार नाही. मात्र त्याला नावाने ओळखणारी, तो जेवला की नाही हे पाहणारी चार मोठी माणसे जगात एकाच ठिकाणी होती. ते ठिकाण आम्ही काढून घेतले.

मग करावे काय

पुढे असाच प्रसंग आला तेव्हा आम्ही वेगळे वागलो. आठवीतील एका मुलाने पाचवीतील मुलाला इतके मारले की त्याचे मनगट मोडले. प्रथम त्या लहान मुलाचा विचार केला. त्याला दवाखान्यात नेले, त्याच्या आईवडिलांना त्याच दिवशी बोलावून घडले ते जसेच्या तसे सांगितले, आणि मोठ्या मुलाची खोली बदलून ती अधीक्षकांच्या खोलीला लागून केली. दोघांच्या जेवणाच्या, आंघोळीच्या वेळा वेगळ्या केल्या. त्यानंतर मोठ्या मुलाशी बोलणे सुरू झाले. चौथ्या दिवशी निराळीच गोष्ट उघडकीस आली. आठवीत असून त्याला जोडाक्षरे वाचता येत नव्हती. हे झाकण्यासाठी तो वर्गात दंगा करी, आणि लहान मुलाने ते हसण्यावारी नेले म्हणून मारहाण झाली होती. विज्ञानाच्या शिक्षकांनी रोज संध्याकाळी वंदनेनंतर अर्धा तास त्याला वाचायला बसवले. लहान मुलगा तयार झाल्यावरच, तीन आठवड्यांनी, त्याच्यासमोर आणि दोन्ही घरच्या माणसांसमोर त्याने चूक कबूल केली. त्यानंतरही तो दोनदा घसरला. दहावी दुसऱ्या प्रयत्नात झाली. पुढे आयटीआयमधून वायरमनचे काम शिकला आणि आज स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याचा राग अजून नाकावर असतो. लहान मुलाने त्याच्याशी मैत्री केली नाही आणि आम्हीही तसा आग्रह धरला नाही.

या दोन प्रसंगांतून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट वेळेची. चोरी पकडली जाते त्याच्या वर्ष-दोन वर्षे आधी मूल खुणा देत असते. सुट्टीवरून वेळेवर न परतणे, घरातील मृत्यू वा ताटातूट, जेवणाच्या पंगतीत एकटे बसणे, वाचन अचानक मागे पडणे, खिशात न समजणारे पैसे, मुक्या जनावरांना छळणे, लहान मुलांनी त्याला पाहून वाट बदलणे, या सगळ्या खुणा आहेत. मुलींच्या वसतिगृहात हे वेगळ्या रूपाने दिसते. तेथे मारहाणीऐवजी एखादीला वाळीत टाकणे, तिच्याविषयी अफवा उठवणे असे घडते आणि ते गोंगाट करत नाही म्हणून दुर्लक्षिले जाते.

दुसरी गोष्ट शिक्षेची. शिस्त हवीच, ती लगेच, ठरलेली आणि सर्वांना सारखी असावी. पण मारणे व मानहानी करणे ही शिस्त नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. कायदा नसता तरी तथागतांचे उदाहरण होतेच. बालवयातील राहुलाला खोटे बोलण्याविषयी शिकवताना त्यांनी चारचौघांत त्याची निर्भर्त्सना केली नाही. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवले, ते फेकून दिले, रिकामे भांडे दाखवले, आणि मग आरशाची उपमा देऊन सांगितले की कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तिच्याकडे पाहावे; चूक झालीच तर ती जाणत्यांपुढे उघड करावी. किशोरवयीन मेंदूतील परिणामांचा विचार करणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो, असे आजचे विज्ञान सांगते. तोवर हा थांबून पाहण्याचा सराव मोठ्यांनीच मुलांकडून करून घ्यायचा असतो.

तिसरी गोष्ट माणसाची. अशा प्रत्येक मुलामागे एक ठरलेले मोठे माणूस हवे. सर्वांनी मिळून लक्ष ठेवायचे म्हटले की कोणीच ठेवत नाही. सिगालोवाद सुत्तात आचार्यांची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत त्यांतील शेवटचे म्हणजे शिष्याला सर्व दिशांनी सुरक्षित करणे. तक्षशिलेच्या गुरूने नेमके तेच केले नाही.

चौथी गोष्ट संगतीची. सात नंबरची खोली पुन्हा कधीही नको. अशा मुलांना एकमेकांत न कोंडता स्थिर मुलांत मिसळून ठेवावे आणि हाती काही खरे काम द्यावे, ज्यात धाडसाला मान आहे पण इजा नाही. कबड्डीचा संघ, ढोलपथक, बागेची पाळी यांनी आमच्याकडे प्रवचनांपेक्षा अधिक काम केले आहे.

रास्त प्रश्न

“आमच्या मुलाने का म्हणून सोसावे?” असे मनगट मोडलेल्या मुलाच्या वडिलांनी आम्हांला विचारले होते. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देणे हा अन्याय होईल. ज्याला इजा झाली त्याची सुरक्षितता प्रथम, इतर सारे नंतर, हा नियम आहे. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर संस्थेला काही ठरवण्याचा अधिकारच नाही; २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ‘संस्थेचे नाव जाईल’ म्हणून ते दडपणे हा स्वतःच गुन्हा आहे. जीवघेणे शस्त्र, टोळीचा वावर, लहानांना सतत धोका अशा वेळी मुलाला वेगळ्या ठिकाणी हलवावे लागेल, हेही आम्ही मान्य करतो. परंतु हलवणे म्हणजे फाटकाबाहेर सोडणे नव्हे. बाल कल्याण समिती आहे, १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे, मनाच्या आजारासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हटले, त्याची ओळख उघड करण्यास मनाई केली आणि नव्याने सुरुवात करण्याचे तत्त्व मान्य केले. न्यायमंडळ जेथे मुलाला गुन्हेगार म्हणत नाही तेथे शाळेने त्याला ‘वाया गेलेला’ म्हणू नये.

आणखी एक विसंगती लक्षात घ्यावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत ते संरक्षण संपते. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत अधिक डळमळीत असते त्याच वयात त्याला घालवणे सर्वांत सोपे होते. कायद्याने सोडलेली ही जागा संस्थेने स्वतःच्या नियमाने भरावी.

आमची विनंती

म्हणून या स्मरणिकेच्या द्वारे आम्ही संस्थेच्या विश्वस्तांपुढे एक प्रस्ताव ठेवत आहोत. वर्तनाच्या कारणावरून कोणत्याही विद्यार्थ्याला दाखला देण्यापूर्वी त्याचे शिक्षक, अधीक्षक, पालक आणि एक माजी विद्यार्थी यांनी एकत्र बसावे, मुलाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकावे, आजवर काय केले आणि काय करायचे राहिले ते लिहून काढावे. पुढे तो कोठे जाणार हे ठरल्याशिवाय दाखल्यावर सही होऊ नये. आणि रकान्यात जे लिहायचे ते खरे लिहिता येईल असेच आपले वागणे असावे.

पालकांना आमचे सांगणे एवढेच की मुलाची तक्रार आली तर लाजेने ती झाकू नका आणि रागाने हात उगारू नका. फडावर असाल, भट्टीवर असाल, तरी आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी फोन करा. मूल त्या दिवसाची वाट पाहत असते, हे आम्ही वसतिगृहाच्या व्हरांड्यात डोळ्यांनी पाहतो.

माजी विद्यार्थ्यांनी संस्थेला पंखे दिले, संगणक दिले, पाण्याची टाकी बांधून दिली. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आता पैशाऐवजी महिन्यातला एक रविवार मागत आहोत. एकेका मुलामागे एकेक ताई, एकेक दादा उभे राहिले तर नोंदवहीतले पुष्कळसे रकाने वेगळे लिहिले जातील. तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल की आपल्यालाही एकदा कार्यालयाबाहेर उभे केले होते, आणि आत कोणीतरी आपल्या बाजूने एक शब्द बोलले होते. तो शब्द कोणाचा होता हे आठवून पाहा. आज कार्यालयाबाहेर दुसरे कोणी उभे आहे.